धनुष्य घडवताना लाकूड दबलं, पाठीवर ढलपी उठली? चुलीत घालायच्या आधी हे वाचा

लालबागच्या चाळीत, भर जुलैमध्ये, गॅलरीत बसून कुणी लाकडाचं धनुष्य तासत असेल असं वाटणार नाही. पण माझा भाचा तासत होता. लाकूड आपल्या गावचं, धामणीचं. बांधावरचं हे झाड त्याच्या पणजोबांनी राखलेलं. मागच्या वर्षी रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं, आणि एकच सरळ फाटा घरात उरला. वर्षभर माळ्यावर सुकवलेला हा तुकडा तो मे महिन्यात एसटीने मुंबईला घेऊन गेला. म्हणजे बिघडला तर दुसरा आणायला झाडच नाही.

आणि तो बिघडला. अर्धं काम झालं असताना खालच्या बाजूला एका जागी धनुष्य कोपरासारखं वाकायला लागलं. आतल्या अंगाला बारीक आडव्या सुरकुत्या पडल्या. दोन दिवसांनी बाहेरच्या अंगाला नखाएवढी ढलपी उठली. त्याचा रात्री फोन आला, "मामा, संपलं सगळं."

संपलं नव्हतं. पण का संपलं नव्हतं हे समजायला धनुष्य काम कसं करतं ते आधी पाहू.

धनुष्याचं जे अंग निशाण्याकडे असतं त्याला पाठ म्हणू, आणि आपल्याकडे असतं त्याला पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकूड ताणाने तुटतं ते पाठीवर, दाबाने चुरगळतं ते पोटावर. म्हणून पाठीवरची ढलपी आणि पोटावरच्या सुरकुत्या हे दोन वेगळे आजार आहेत. औषधही वेगळं.

मूळ कारण मात्र दोन्हीचं एक निघालं, पावसाळा. लाकूड हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेत ८५ टक्के दमटपणा असेल तर लाकडात १८ टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं. धनुष्याला ८ ते १० टक्के चांगलं. गावात मे महिन्यात खणखणीत वाजणारी काठी समुद्राकाठच्या खोलीत दीड महिन्यात मऊ पडली. मऊ लाकूड वाकवलं की ते पूर्ण परत येत नाही, बाक धरतं. आपला पोरगा मात्र ते वाकत नाही, वाकत नाही म्हणत एकाच जागी कानस मारत राहिला.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. लाकडाची रुंदी १० टक्क्यांनी कमी केली तर ताकद साधारण १० टक्क्यांनीच कमी होते. पण जाडी १० टक्क्यांनी कमी केली, म्हणजे २० मिलिमीटरची १८ केली, तर ताठपणा जवळजवळ २७ टक्क्यांनी जातो. दोन मिलिमीटर म्हणजे कानशीचे थोडेच हात. बहुतेक धनुष्यं इथेच मरतात.

त्याच मजल्यावर एक काका राहतात. १९८२ च्या संपाआधी मिलच्या लूम खात्यात होते. मागावर शटल फेकायला लाकडी काठी असते, ती दिवसभर झटके खाते, त्यामुळे लाकूड कुठे दमतं हे त्यांना हाताने कळतं. त्यांनी धनुष्य हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरा, आता याला दोरी लावू नको. आणि जिथे दुखतंय तिथे तर हात पण लावू नको."

सुरकुत्यांचा इलाज हाच आहे. जिथे जास्त वाकतंय तिथलं लाकूड काढायचं नाही, घासून सुरकुती पुसायचीही नाही. तिच्या दोन्ही बाजूंचा, जो भाग ताठ राहिलाय, तो थोडा थोडा हलका करायचा. म्हणजे वाक सगळीकडे वाटला जातो आणि दमलेल्या जागेवरचा भार उतरतो. गंमत म्हणजे रॉजर अॅस्कम नावाच्या इंग्रजाने १५४५ साली तिरंदाजीवर जे पुस्तक लिहिलं त्यातही हाच सल्ला आहे. चिमटा पडलेल्या जागेच्या आजूबाजूचं लाकूड कमजोर करा, चिमटा पुढे वाढणार नाही. काकांनी अर्थातच ते पुस्तक पाहिलेलं नाही.

किंमत एकच, धनुष्य हलकं होतं. ती मोजायची तयारी ठेवा.

पण आधी वाळवणं. धनुष्य पोटमाळ्यावर, पत्र्याला न टेकता, आडवं ठेवलं आणि जवळ एक बल्ब लावला. दर तीन दिवसांनी खालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच पुन्हा हत्यार हातात घेतलं. ही युक्ती फुकटची आहे आणि ओलावा मोजायच्या यंत्राशिवाय भागतं. घाईने उन्हात किंवा चुलीजवळ टाकू नका, उभा तडा जातो.

उभ्या तड्याला तसं फार घाबरायचं कारण नाही. रेषेबरोबर टोकापर्यंत सरळ जाणारी बारीक फट बहुतेक वेळा चालून जाते. पातळ चिकट द्रव आत मुरवून वरून दोरा गुंडाळला की झालं. तीच फट तिरकी होऊन कडेला बाहेर पडत असेल तर मात्र धोका.

ढलपीचं तसंच. ती उठते कारण पाठीवरची लाकडाची रेषा तासताना कुठेतरी कापली गेलेली असते. ढलपी उपटू नका. सुईने किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने खाली चिकट द्रव सोडा, दाबून बांधा, एक दिवस ठेवा. मग आजूबाजूला दोन-तीन बोटं सोडून तागाचा किंवा सुती दोरा घट्ट, एकाला एक लागून गुंडाळा आणि त्यालाही चिकट द्रव पाजा. भाच्याने पुढे जाऊन पूर्ण पाठीवर जुन्या सुती धोतराची पट्टी चिकटवली. पट्टीने ताकद फारशी वाढत नाही, पण रेषा उचलायची थांबते.

पाठीवर रेषेच्या आडवी चीर रुंदीभर गेली असेल तर ते धनुष्य सोडून द्या. कितीही दोरा गुंडाळला तरी ते एक दिवस मोडणार, आणि मोडेल तेव्हा तुकडा तोंडाकडे येतो. डुगडुगत्या धनुष्याची चाचणी घेताना चष्मा लावा आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीच सोडू नका. बाणात जाणारी सगळी ताकद मग लाकडातच फुटते.

वाक सारखा झाला का हे डोळ्याला पटकन कळत नाही. धनुष्याची मूठ भिंतीतल्या खुंटीवर ठेवा, दोरी खाली ओढून बांधा आणि समोरून मोबाईलने फोटो काढा. तो फोटो आडवा उलटा करून मूळ फोटोशेजारी ठेवा. कुठली बाजू ताठ आहे ते लगेच दिसतं. भाच्याने असे चाळीसएक फोटो काढले, घरच्यांनी त्यावरून त्याची भरपूर चेष्टा केली.

धनुष्य हलकं झालं म्हणून त्याला दोन्ही टोकं इंच-इंच कापायची होती. आखूड धनुष्य जड होतं हे खरं. काकांनी नाही म्हटलं. तो उपाय निरोगी पण कमजोर धनुष्याचा आहे. सुरकुत्या पडलेलं लाकूड आखूड केलं तर तिथला दाब वाढतोच.

आपल्या जिल्ह्यात बांबूवाले जास्त, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. बांबूची सगळी ताकद बाहेरच्या सालीलगत असते. म्हणून साल पाठीला ठेवायची, तिला कानस लावायची नाही, फक्त पेरं सावकाश साफ करायची. साल आडवी चिरली की ती पट्टी बाद. मात्र बाजूला वळलेली पट्टी निखाऱ्यावर शेकून, दाबून धरून सरळ होते. भिल्लांच्या कामठ्याला तर दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड, शिंग आणि दोरीसाठी रुई, ताग, बांबू, स्नायू अशी यादी आहे, म्हणजे कामठ्याची रीत जुनी. आजही इंडियन राउंडच्या स्पर्धेत पोरं साधं बांबूचं धनुष्य घेऊन ५० आणि ३० मीटरवर उभी राहतात. (शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे वेगळं सांगायला नको.)

भाच्याने १८ किलो ओढीचं धनुष्य ठरवलं होतं. गोणी तोलायच्या हुकाच्या काट्यावर ते साडेबारा भरलं. त्याच्या हाताला ते हलकं, म्हणून बहिणीला दिलं. वापर झाला की ती लगेच दोरी उतरवते, आणि पाऊस लागला की धनुष्य परत पोटमाळ्यावर, दोन खुंट्यांवर आडवं. सुरकुत्या अजून आहेत. दर महिन्याला काका अंगठा फिरवून त्या वाढल्या का ते बघतात.