तुषार देशपांडे आणि साडेसहा कोटींचा हिशेब

२०२५ची आयपीएल संपली तेव्हा राजस्थान रॉयल्स दहा संघांत नवव्या क्रमांकावर होते आणि कल्याणच्या तुषार देशपांडेच्या नावावर १० सामन्यांत ९ बळी होते. लिलावात राजस्थानने त्याच्यासाठी ६.५ कोटी रुपये मोजले होते. एवढ्या माहितीवर निकाल द्यायला वेळ लागत नाही: एका बळीला सुमारे ७२ लाख रुपये, म्हणजे पैसे पाण्यात. हाच भागाकार २०२३च्या हंगामाला लावला तर चित्र पार उलटते. तेव्हा तुषार चेन्नई सुपर किंग्जकडे अवघ्या २० लाखांत होता आणि त्याने २१ बळी घेतले. एका बळीला एक लाखसुद्धा पडला नाही. दोन वर्षांत हा खर्च सुमारे पंच्याहत्तर पट झाला. तुषारची गोलंदाजी तेवढ्या पटीने खालावली, असे त्याचा कट्टर टीकाकारही म्हणणार नाही. म्हणजे या भागाकारात बहुतेक सगळा फरक किमतीने पडला, आणि ती किंमत ठरवण्यात गोलंदाजाचा हात फारच थोडा असतो. तुषार अपेक्षेला उतरला का, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो किमतीच्या मापाने मोजला की उत्तर चुकते, असे माझे म्हणणे आहे.

लिलावातली किंमत म्हणजे खेळाडूच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र, हा यातला सर्वांत पक्का गैरसमज. किंमत खरे तर दोन गोष्टींवर ठरते: त्या दिवशी कोणाला किती निकड आहे, आणि शेवटून दुसरा बोली लावणारा कुठे थांबतो. नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाहला झालेल्या महालिलावात प्रत्येक संघाची पर्स १२० कोटींची होती. राजस्थानने त्याआधीच सहा खेळाडू राखून ठेवले होते. संजू सॅमसन आणि यशस्वी जैस्वाल प्रत्येकी १८ कोटी, रियान पराग आणि ध्रुव जुरेल प्रत्येकी १४, शिमरॉन हेटमायर ११ आणि संदीप शर्मा ४ कोटी. बेरीज ७९ कोटी. हातात उरले ४१. या सहांतला गोलंदाज एकटा संदीप. बोल्ट, चहल, अश्विन, आवेश खान हे सगळे सोडून दिलेले. म्हणजे ४१ कोटींत जवळजवळ अख्खा मारा नव्याने उभा करायचा होता. त्यात अंतिम अकरात परदेशी खेळाडू चारच चालतात, त्यामुळे नव्या चेंडूने आणि शेवटच्या षटकांत टाकू शकणारा भारतीय वेगवान गोलंदाज हा प्रत्येक संघाला हवाच असतो आणि तसे गोलंदाज मोजकेच असतात. राजस्थानने जोफ्रा आर्चरला १२.५० कोटी दिले आणि त्याखालोखालची त्यांची सर्वांत मोठी खरेदी तुषारची होती. ज्याच्याकडे पैसे कमी आणि गरज जास्त, त्याने उरलेल्या पर्सचा जवळपास सहावा हिस्सा एका गोलंदाजावर लावला. हा राजस्थानच्या परिस्थितीचा दर होता.

त्याच लिलावातल्या इतर भारतीय वेगवान गोलंदाजांचे भाव पाहिले, तर साडेसहा कोटी हा आकडा डोळे दिपवणारा उरत नाही. अर्शदीप सिंग १८ कोटी, मोहम्मद सिराज १२.२५, मोहम्मद शमी १०, आवेश खान ९.७५, दीपक चहर ९.२५, मुकेश कुमार आणि आकाश दीप प्रत्येकी ८. या रांगेत तुषार स्वस्तातला ठरतो. भाव आणि कामगिरी यांचा संबंध किती ढिला असतो हे पाहायचे तर १०.७५ कोटींना विकल्या गेलेल्या दोघांकडे पाहावे. भुवनेश्वर कुमारने बंगळुरूसाठी १७ बळी घेतले आणि संघ विजेता झाला. टी. नटराजन दिल्लीकडून दोनच सामने खेळला, बळी शून्य. आणि ज्याने २५ बळी घेऊन पर्पल कॅप जिंकली, तो प्रसिध कृष्णा या दोघांहूनही स्वस्तात, ९.५० कोटींत मिळाला होता.

सर्वांत बोलका पुरावा मात्र आपल्या शेजारचाच आहे. शार्दूल ठाकूर पालघरचा, आणि २०१४पर्यंत पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. २०२२मध्ये दिल्लीने त्याला १०.७५ कोटींना घेतले. त्याने १४ सामन्यांत १५ बळी घेतले. पुढे कोलकाता, मग ४ कोटींत चेन्नई, आणि जेद्दाहच्या लिलावात त्याच्यावर कोणीच बोली लावली नाही. मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनौने त्याला २ कोटींवर बदली खेळाडू म्हणून बोलावले, आणि त्याने १० सामन्यांत १३ बळी घेतले. त्यांतले चार एकाच सामन्यात, हैदराबादसारख्या तुफान फलंदाजीसमोर. सामन्यामागे बळींचे प्रमाण १०.७५ कोटींच्या वर्षापेक्षा ‘कोणालाच नको’ असलेल्या वर्षात जास्त होते. ज्या बाजारात एकाच गोलंदाजाचा भाव पावणेअकरा कोटींवरून शून्यावर येतो आणि तिथून पुन्हा दोन कोटींवर चढतो, त्या बाजाराच्या आकड्याला अपेक्षेचे माप मानणे हा खेळाडूवर अन्याय आहे.

लिलावाऐवजी ड्राफ्ट असता, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडले असते, तर हा गोंधळ टळला असता का? फारसा नाही. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगने जुलै २०१७मध्ये मुंबईत ड्राफ्ट घेतला तेव्हा खेळाडूंच्या रकमा आधीच ठरलेल्या होत्या आणि जमशेदपूरने अनस एडथोडिकाला पहिल्या क्रमांकावर उचलले. तिथे भावाऐवजी क्रमांक चिकटला आणि अपेक्षा त्या क्रमांकावर लटकल्या. अमेरिकेत ही पद्धत फार जुनी आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते, म्हणजे सर्वाधिक गाजलेला मुलगा बहुतेकदा सर्वांत विस्कटलेल्या संघात जाऊन पडतो. २००७चा पहिला निवडलेला जामार्कस रसेल तीन हंगामांत संपला. २०००मध्ये १९९व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रेडी सात वेळा विजेता झाला. खेळाडू कोणत्या संघात आणि कोणत्या कामासाठी गेला, हे क्रमांकातूनही कळत नाही.

मग तुषारला काम कोणते होते? इथे दुसरा गैरसमज येतो: धावा देतो म्हणजे वाईट गोलंदाज. ३१ मार्च २०२३ला अहमदाबादेत अंबाती रायुडूच्या जागी मैदानात उतरून तो आयपीएलमधला पहिला इम्पॅक्ट प्लेअर ठरला आणि ३.२ षटकांत त्याने ५१ धावा दिल्या. चेन्नई हरली. त्या रात्री मत विचारले असते तर बहुतेकांनी त्याला संघाबाहेर काढले असते. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात त्याच्या चार षटकांत ५६ धावा गेल्या. सुरुवात महागडी, शेवट महागडा, हंगामाची इकॉनॉमी दहाच्या काठावर. तरीही २१ बळींसह तो चेन्नईचा सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज होता आणि चेन्नई विजेती होती. पॉवरप्लेत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात आणि अखेरच्या षटकांत फलंदाज प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवतो. ही षटके ज्याच्या वाट्याला येतात त्याची इकॉनॉमी मधल्या षटकांतल्या फिरकीपटूशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. २०२५मध्ये राजस्थानकडून त्याच्या पहिल्याच सामन्यात समोरच्या हैदराबादने २८६ धावा ठोकल्या. आर्चरच्या चार षटकांत ७६ धावा गेल्या, आयपीएलमधला तोवरचा सर्वांत महागडा स्पेल. तुषारने ४४ धावांत ३ बळी घेतले. षटकामागे ११ धावा हा आकडा एरवी लाजिरवाणा वाटेल. त्या दिवशी ती चांगली गोलंदाजी होती.

याचा अर्थ २०२५मध्ये सगळे छान झाले असा मुळीच नाही, आणि आपल्या गावचा आहे म्हणून त्याला सांभाळून घेणे हाही एक गैरसमजच आहे. योग्य माप त्याचे स्वतःचे. २०२३मध्ये १६ सामन्यांत २१ आणि २०२४मध्ये १३ सामन्यांत १७ बळी. दोन्ही वर्षी सामन्यामागे १.३. दुसऱ्या वर्षी तर इकॉनॉमीही नऊच्या खाली उतरली, हैदराबादविरुद्ध २७ धावांत ४ बळी आले आणि जुलैत हरारेला भारताची टोपी मिळाली. त्या तुलनेत २०२५मध्ये प्रमाण ०.९वर आले आणि इकॉनॉमी साडेदहाच्या वर गेली. हा हंगाम त्याच्या स्वतःच्या पातळीखालचा होता, हे स्पष्ट म्हणावे लागेल. पण दोन चांगल्या हंगामांनंतरचा एक उणा हंगाम, तोही जास्तीत जास्त चाळीस षटकांचा आणि ज्या संघाची बहुतेक गोलंदाजी मार खात होती त्या संघातला, एवढ्यावर कारकिर्दीचा निकाल लागत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. चेन्नईत धोनी यष्टीमागे होता, जडेजा मधली षटके आवळत होता, पथिराना शेवटी यॉर्कर टाकत होता; तुषारचे बळी त्या व्यवस्थेचे होते, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण हे मान्य केले की राजस्थानमधल्या अपयशातही व्यवस्थेचा वाटा मान्य करावा लागतो. यश संघाचे आणि अपयश एकट्याचे, असा हिशेब चालत नाही. दुसरा आक्षेप असा की व्यावसायिक खेळात पैशाचा जाब विचारला जाणारच. जरूर विचारावा, पण बोलीचा फलक ज्याने उचलला त्याला. डोंबिवलीत लहानाचा मोठा झालेला अजिंक्य रहाणे जेद्दाहच्या लिलावात पहिल्या फेरीत विकलाच गेला नाही, मग कोलकात्याने त्याला दीड कोटीत घेतले आणि कर्णधार केले. त्याने ३९० धावा केल्या, संघात सर्वाधिक. त्याच कोलकात्याने २३.७५ कोटींना घेतलेल्या वेंकटेश अय्यरच्या धावा झाल्या १४२. या दोन आकड्यांतली दरी अय्यरने खणली नाही. त्याने स्वतःसाठी बोली लावली नव्हती. संघ आठवा आला, आणि त्याचे उत्तर लिलावाच्या टेबलावर बसलेल्यांनी द्यायचे आहे.

लिलावाच्या तराजूत काय मावत नाही तेही तुषारच्याच खात्यात सापडते. फेब्रुवारी २०२४मध्ये रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने १२३ धावा केल्या. दहाव्या क्रमांकावरच्या तनुष कोटियनने नाबाद १२०. दोघांची भागीदारी २३२ धावांची, शेवटच्या गड्यासाठीच्या रणजी विक्रमापेक्षा एका धावेने कमी. एकाच डावात दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने शतक ठोकण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली याआधीची वेळ १९४६ची, ओव्हलवर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची. मुंबई त्या वर्षी रणजी जिंकली. कल्याणहून रोज लोकलने शिवाजी पार्क गाठणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना आज लिलावाचे आकडे पाठ असतात; मुंबईचा वेगवान गोलंदाज होण्यासाठी चार दिवसांच्या सामन्यांत, तिसऱ्या स्पेलला, जुन्या चेंडूने जी षटके टाकावी लागतात त्यांचा आकडा कोणी विचारत नाही. तुषारची निवड तिथून झाली, आणि यापुढे त्याच्याकडे पाहताना आधी पॉवरप्लेतले बळी मोजावेत, मग अखेरच्या षटकांतल्या धावा.