शेतातली दुर्बीण आणि तात्यांचा दिवा

एकोणतिसाव्या रोज्याला दुपारपासूनच फोन सुरू होतात. ‘सर, तुमच्या दुर्बिणीतून ईदचा चंद्र आधी दिसत असेल ना?’ कसला दिसतोय! चंद्र सूर्यापासून सुमारे सात अंश दूर जाईपर्यंत दुर्बिणीला डोळा लावूनही कोर दिसत नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी १९३० च्या दशकात ही मर्यादा मांडली. दुर्बिणीतून दिसलेली कोर धरायची की नाही, हा उलेमांचा विषय आणि त्यांच्यातही मतं वेगळी आहेत. मी फक्त छप्पर सरकवतो.

हे छप्पर म्हणजेच आमची वेधशाळा. जुन्नरकडच्या मळ्यात, घरापासून दोनशे पावलांवर दहा बाय दहाची खोली, कंबरेच्या वर येणाऱ्या भिंती आणि लोखंडी रुळांवर गेटच्या चाकांनी सरकणारा पत्रा. जवळच गिरवलीच्या डोंगरावर २००६ पासून आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. माझी आठ इंची. पत्रा मुद्दाम पूर्वेकडे सरकतो. चंद्रकोरीसाठी पश्चिम मोकळी हवी, आणि उत्तरेला ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. पत्रा तिकडे नेला तर तोच झाकला जाईल.

चुका भरपूर झाल्या. दुर्बिणीचा काँक्रीटचा खांब मी आधी फरशीतच घट्ट बसवला. मग कोणी नुसतं पाऊल टाकलं, की भिंगातला शनी थयथय नाचायचा. शेवटी खांबाभोवतीची फरशी फोडली आणि बोटभर फट ठेवली. उन्हात पत्रा तापतो आणि आतल्या गरम हवेने चित्र थरथरतं, म्हणून असरच्या नमाजनंतर, म्हणजे दुपार कलल्यावर, छप्पर उघडून ठेवतो. नळीचं झाकण मात्र सूर्य बुडाल्याशिवाय काढत नाही. त्या आरशात ऊन शिरलं तर डोळा जाईल, आगही लागेल. पावसाळ्यात सगळं घरात, डब्यात, नाहीतर भिंगाला बुरशी धरते.

हे सगळं जमलं. जमलं नाही ते शेजारच्या तात्यांच्या दिव्याचं. त्यांनी गोठ्यावर बांबू उभारून मोठा एलईडी फोकस लावला आणि माझं पश्चिमेचं आभाळ दुधाळ झालं. मी बोलायला गेलो, तर तात्या शांतपणे म्हणाले, ‘‘सर, तुम्हाला तारे बघायचेत, मला गाई जित्या बघायच्यात.’’

आमच्या भागात उसात बिबटे राहतात, तिथेच पिल्लं होतात. शेतीची वीज बरेचदा रात्रीच येते, त्यामुळे दारं धरायला माणूस अंधारातच उतरतो. हे मला माहीत होतं, तरी रागच आला. महिनाभर आमचं बोलणं बंद होतं.

मग रमजानात एकदा सहरीच्या आधी, तीनच्या सुमारास, मी खोलीत होतो. डोळा भिंगाला, छप्पर उघडं. सकाळी भिंतीबाहेरच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. ती भिंत बिबट्याला एका उडीची. अम्मीने दुर्बीण विकायला सांगितलं. मी तात्यांना बोलावून पंजे दाखवले. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आले.

डबा कापून दिव्याला टोपी केली, दिवा बांबूवरून उतरवून वळचणीखाली आणला. आभाळात जाणारा उजेड आता खाली पडतो आणि गोठ्यात पूर्वीपेक्षा चांगलं दिसतं. खोलीच्या भिंतींवर मी जाळी बसवली आणि सहरीपूर्वी एकट्याने जाणं सोडलं.

आभाळ पहिल्यासारखं काळं झालेलं नाही. अंधुक तारकासमूह पश्चिमेला टेकले की अजूनही हरवतात. पण परवा तात्यांनी गुरूचे चार चंद्र मोजले आणि पाचवा कुठंय म्हणून भांडले. आता त्यांचा फोन येतो, ‘‘सर, दहाला लाइट येणारे, मोटरीपाशी बॅटरी फिरंल.’’ मी दहाच्या आत गुरू आटोपून घेतो.