एका ‘हो’ची पुढची वाट

शेतकरी आत्महत्यांमुळे राज्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. त्यात यवतमाळ होतंच. गावातल्या आशाताईने नैराश्य हेरायचं आणि समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञांनी पुढचं बघायचं, अशी कामाची वाटणी ठरली. रोख मात्र कर्त्या शेतकऱ्यावर होता. त्याच घरात बाजेवर बसलेली आई नातवाला भलत्याच नावाने हाक मारू लागली, तर “मायचं वय झालं जी आता,” एवढ्यावर विषय संपे.

म्हातारपणाच्या आजारांसाठीही अशी वाटणी चालते, हे गोव्यात आधीच दिसलं होतं. तिथे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांसोबत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जात. समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी असत. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यामुळे हलका झाला. पुढे सरकारी व्यवस्थाही या दिशेने सरकली. केंद्राचा वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये १०० जिल्ह्यांपासून सुरू झाला. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागले.

मोठा फरक एका साध्या फॉर्मने पडला. रक्तदाब-मधुमेहाचा धोका ओळखण्यासाठी आशाताई भरतात, त्या फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आले. उभं राहताना, चालताना तोल जातो का? जेवायला, आंघोळीला, कपडे घालायला दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? थकत गेलेलं शरीर आणि विसरत चाललेलं मन एकाच कागदावर आलं. उदासीविषयीचे प्रश्नही त्यातच आहेत.

आता खरा पेच ‘हो’ या उत्तरानंतरचा. विसरण्यामागे बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य किंवा पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त असू शकतं, आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. म्हणून तपासणी, औषधांची छाननी, मोतीबिंदू आणि कान बघणं, पायांत बळ यावं म्हणून फिजिओथेरपी ही सगळी कामं एका सुतात ओवावी लागतात. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळात १९८९ पासून आहे. पण जिल्ह्यातल्याच उमरखेडच्या एखाद्या आजीसाठी ते शंभरेक किलोमीटरवर. एसटीतून नेणाऱ्या मुलाची मजुरी बुडते आणि प्रत्येक खिडकीवर कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

२०२३ च्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आहे. दहा वर्षांत विचारणारी माणसं गावात आली, ही कमाई मोठी. आता आशा, आरोग्य अधिकारी, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर यांच्यात रुग्णाचा एकच कागद फिरला पाहिजे. महाविद्यालयातला सल्ला त्याच कागदावरून उपकेंद्रात परत आला, तर आजीच्या पुढच्या कितीतरी खेपा गावातच भागतील.