देऊळगाव राजाच्या मातीचं गणित

गैरसमज : डोंगर-नाल्यांची झीज निसर्गाची लहर असते, तिचं गणित मांडता येत नाही.

वस्तुस्थिती : येतं. नाल्याची तळ खरवडण्याची ताकद मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : वरच्या किती क्षेत्राचं पाणी त्यात उतरतं आणि उतार किती आहे. अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८७७ सालीच ही मांडणी शब्दांत केली होती. आज तीच सूत्रबद्ध करून संगणकावर लाखो वर्षं पुढे चालवता येते.

गैरसमज : पाणलोटाची सीमा कायमची असते.

वस्तुस्थिती : आपल्या खडकपूर्णेचं पाणी गोदावरीला जातं. राजूर घाटाखालचं पाणी पूर्णा नावाच्या दुसऱ्या नदीतून तापीला जातं. मधली डोंगरधार स्थिर नाही. ज्या बाजूला उतार तीव्र, तिथले ओहोळ डोंगर मागे कोरत जातात. खडक आणि पाऊस दोन्हीकडे सारखा धरला, तर धार संथ बाजूकडे सरकते.

गैरसमज : लोणारचा काठ अजून ठसठशीत दिसतो, म्हणजे विवर अलीकडचं असणार.

वस्तुस्थिती : इथे थोडं थांबून पाहू. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालं, ज्वालामुखीमुळे नव्हे. १९९० च्या दशकात त्याचं वय सुमारे ५२ हजार वर्षं ठरवलं गेलं. २०११ साली आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. वय अकरापट वाढलं, तर काठही अकरापट बोथट व्हायला हवा का? नाही. उतारावरून माती सरकण्याच्या साध्या गणिती प्रारूपात बोथटपणाची रुंदी काळाच्या वर्गमुळाने वाढते. अकरापट काळात ती जेमतेम सव्वातीनपट होते. शिवाय माती किती वेगाने सरकते तो गुणांक ठिकाणागणिक बदलतो. म्हणून काठाकडे नुसतं पाहून वय सांगणं धोक्याचं आहे, आणि हे गणितामुळेच कळतं.

गैरसमज : उपग्रहाचा नकाशा आणि चांगला संगणक असला की प्रारूप भविष्य सांगतं.

वस्तुस्थिती : एका अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये जगाच्या मोठ्या भागाच्या उंचीची मोजणी केली. तिचा सर्वांत बारीक चौकोन सुमारे ३० मीटरचा आहे. तुमच्या वावरातून जाणारी दोन मीटर रुंद घळ त्यात दिसतच नाही. प्रारूप कुठे झीज जास्त होईल हे बरंच चांगलं सांगतं. यंदाच्या पावसात धुरा फुटेल की नाही, हे सांगू शकत नाही. माझ्या मते, तारखेसह भाकीत करणाऱ्या प्रारूपावर विश्वास ठेवू नये.

आपली घळ किती वेगाने मागे सरकते हे मात्र जागेवर मोजूनच कळतं, आणि ते आपण मोजू शकतो. घळीच्या डोक्यापासून चार पावलं वर लोखंडी सळई ठोका. सळईपासून काठापर्यंतचं अंतर मृगाआधी आणि दिवाळीनंतर टेपने मोजा, वहीत तारखेसह लिहा. देऊळगाव राजा तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी अशा वह्या दहा वर्षं नेमाने ठेवाव्यात.