कलम १७ शोधताना

संविधानातले अस्पृश्यतानिर्मूलनाचे कलम १७ सभागृहात कसे मंजूर झाले, हे मूळ चर्चेत वाचून या, असे विद्यार्थ्यांना सांगून पाहा. संविधान सभेतील चर्चेचे १२ खंड आज संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या उघडता येतात. पण तिथे कलम १७ ची चर्चा म्हणून हाती लागते ती ३ डिसेंबर १९४८ ची, वेठबिगार आणि माणसांच्या व्यापारावरची. मसुद्यातले क्रमांक पुढे बदलले. वेठबिगारीचे ते कलम आज २३ वे आहे आणि आजचे १७ वे तेव्हा ११ वे होते. शिक्षकाने ही अडचण आधीच सोडवून देऊ नये. छापील पाठ्यपुस्तकामागे एक मसुदा असतो, हे मुलांना इथेच पहिल्यांदा कळते.

आता सातव्या खंडातला २९ नोव्हेंबर १९४८ चा दिवस काढावा. नझीरुद्दीन अहमद दुरुस्ती सुचवतात: धर्म किंवा जातीमुळे कोणालाही अस्पृश्य मानू नये, असे स्पष्ट लिहा. के. टी. शहा अस्पृश्यतेची व्याख्याच नसल्याकडे बोट दाखवतात. दाक्षायणी वेलायुधन कलमाच्या बाजूने बोलतात. आता बाबासाहेबांचे मोठे भाषण येणार, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते दुरुस्ती नाकारतात आणि शहांना उत्तर देण्याचेही टाळतात. कलम मंजूर होताच इतिवृत्तात गांधीजींच्या जयजयकाराची नोंद होते.

बाबासाहेब का बोलले नाहीत? याचे उत्तर त्या पानात नाही. म्हणून दुसऱ्या साधनांकडे वळावे लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याची री ओढली. तरी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेल्या बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’चे अंक महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रित केले आहेत. तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल आला तो १७ मार्च १९३७ रोजी. ठराव, वृत्तपत्र, निकाल आणि इतिवृत्त एका ओळीत मांडले की ‘कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला’ हे वाक्य लिहिताना विद्यार्थ्याचा हात अडतो.

संगणकावरच्या शोधाने नेमका परिच्छेद मिळतो, पण त्याच्या मागची-पुढची पाने निसटतात. कोण बोलले, कोण गप्प राहिले, काय फेटाळले गेले, हे सारे त्या पानांत असते. शिवाय हे इतिवृत्त मुख्यतः इंग्रजीत आहे. मराठी माध्यमाच्या वर्गात शिक्षकाने शेजारी बसून ते वाचून घेतले नाही, तर दुवा पाठवूनही दप्तर बंदच राहते.

तेव्हा शिक्षकांना विनंती एवढीच, की पन्नास दुवे देऊ नका. एका दिवसाचे इतिवृत्त पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वर्गात वाचा, आणि परीक्षेत उत्तराऐवजी विद्यार्थ्याला पडलेल्या प्रश्नाला गुण द्या.