चला अलास्काला, पण बेताने!

चार मित्रांनी सहकुटुंब अलास्काच्या सागरसफरीचा बेत केला की पहिली चर्चा रंगते ती कोटांची. पण आधी कागद पाहा! सिअ‍ॅटलहून सुटणाऱ्या बोटी बहुधा परदेशी निशाणाच्या. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे त्यांना वाटेत परक्या बंदराला लागावे लागते. म्हणून त्या कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबतात. तेव्हा भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांचे व्हिसा हवेत. एकाचा राहिला, तर तिघे बोटीवर नि चौथा धक्क्यावर!

आता कपडे. जुलैतही तिथे दुपारी १५ ते १८ अंशच. मात्र खरा वैरी पाऊस! केचिकानला वर्षाकाठी ३,५०० मिलिमीटरहून अधिक पडतो. मुंबईनेही हात टेकावेत. म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन थर बरे: आत अंगासरशी गरम बनियन, मध्ये लोकरी स्वेटर, वर पाणी न शिरणारे जाकीट. सुती कपडे भिजले की लवकर वाळत नाहीत. हिमनदीपाशी डेकवर वारा झोंबतो. कानटोपी नि हातमोजे खिशातच असू द्यावेत.

आणि किनाऱ्यावर सर्वांनी एकत्रच हिंडावे, हा हट्ट नको. रात्रीचे जेवण तेवढे एकत्र ठरवा. गप्पांना विषय उरतात.