हवेवर फिरणारे व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हचा दांडा हाताने न फिरवता दाबाखालच्या हवेने फिरवणारे यंत्र म्हणजे न्यूमॅटिक ॲक्च्युएटर. दिसायला ही ॲल्युमिनियमची लांबट पेटी: व्हॉल्व्हच्या माथ्यावर चार बोल्टांनी बसलेली, वर उघड-बंद दाखवणारी रंगीत खूण, बाजूला करंगळीहून बारीक नळ्या. कंट्रोल रूममधून विजेचा इशारा आला की ५ ते ६ बार दाबाची हवा आत शिरते आणि एक-दोन सेकंदांत व्हॉल्व्ह पाव फेरा फिरतो. आत मोटर नसते, हायड्रॉलिक तेल नसते, हलणारे भाग मोजके असतात. त्यामुळे एरवी त्याच्याकडे कुणी फारसे बघत नाही, आणि बिघडला की दोष बहुधा भलत्या जागी शोधला जातो.

अशा ॲक्च्युएटरचे काम समजून घ्यायला हैदराबादभोवतीचे औषध कारखाने बघू. सोलापूरहून येणाऱ्या महामार्गाने झहीराबाद सोडले, की हैदराबाद गाठण्याआधी पटांचेरू लागते. पटांचेरू, पाशमैलारम, बोल्लारम आणि शहराच्या उत्तर अंगाचे जीडिमेटला हा पट्टा औषधांची मूळ रसायने बनवणाऱ्या कारखान्यांचा आहे. त्याची पाळेमुळे बालानगरच्या ‘आयडीपीएल’मध्ये आहेत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचा कृत्रिम औषधांचा कारखाना सोव्हिएत मदतीने इथे उभा राहिला. तिथे काम शिकलेल्या रसायनतज्ज्ञांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज सुरू करणारे कल्लम अंजी रेड्डी हे त्यांतले सर्वांत ठळक नाव.

या कारखान्यांत टोल्युईन, मिथेनॉल, ॲसिटोन अशी चटकन पेट घेणारी द्रावके पिंपांनी वापरली जातात. काही ठिकाणी हायड्रोजनही असतो. अशा जागी विजेची मोटर लावायची तर तिला स्फोटरोधक आवरण हवे, आणि ते महाग पडते. हवेच्या सिलिंडरात ठिणगी पडायचा प्रश्नच येत नाही. वीज लागते ती फक्त हवेची वाट बदलणाऱ्या छोट्या सोलेनॉइडला. तेवढी एक कॉइल स्फोटरोधक घेतली, तिला नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची म्हणजे पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशनची मान्यता असली, की काम भागते. हायड्रोजन असलेल्या भागात मात्र द्रावकांसाठीची कॉइल चालत नाही. त्याचा वायुगट वेगळा असतो, आणि कॉइलच्या पट्टीवर तो वाचल्याशिवाय ती बदलायची नसते.

ॲक्च्युएटरच्या पोटात काय चालते, ते रॅक-पिनियन प्रकारात सर्वांत सोपे दिसते. मध्ये दातेरी उभा दंड असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दातेरी पट्टी असलेला एकेक पिस्टन. मधल्या पोकळीत हवा शिरली की पिस्टन बाहेर सरकतात, दंड फिरतो, त्याला जोडलेला व्हॉल्व्हही फिरतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटिमीटर भरते; त्यावर ५ बारचा दाब म्हणजे ४०० किलो वजनाएवढा जोर. असे दोन पिस्टन आणि २५ मिलिमीटर त्रिज्येचा दंड धरला, तर घर्षण सोडून १९५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. मोठ्या व्हॉल्व्हना स्कॉच योक जातीचा ॲक्च्युएटर लावतात. त्यात पिस्टनचा दांडा खाचेतल्या पिनेला ढकलतो, आणि रचनाच अशी असते, की प्रवासाच्या दोन्ही टोकांना टॉर्क मधल्यापेक्षा जवळपास दुप्पट होतो. बॉल किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्हला नेमका टोकालाच जास्त जोर लागतो, म्हणून ही जोडी जमते. वाफेचा किंवा पाण्याचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या ग्लोब व्हॉल्व्हवर पसरट डब्यासारखा डायफ्रॅम ॲक्च्युएटर असतो. त्याच्या शेजारचा पोझिशनर ४ ते २० मिलिअँपिअरचा इशारा वाचून दांडा हवा तेवढाच सरकवतो.

यापुढचा प्रश्न असा, की हवा गेली तर व्हॉल्व्हने काय करायचे? डबल-ॲक्टिंग ॲक्च्युएटरमध्ये उघडायलाही हवा लागते आणि मिटायलाही. हवा संपली की व्हॉल्व्ह असेल तिथेच अडकतो, किंवा प्रवाहाच्या रेट्याने हळूहळू सरकतो. स्प्रिंग-रिटर्नमध्ये हवा एकाच दिशेने काम करते, परतीचे काम स्प्रिंगचे. कोणत्या व्हॉल्व्हला कोणती जात, याचा निर्णय खरेदी विभागाचा नव्हे. तो प्रक्रिया समजणाऱ्या माणसाने घ्यायचा असतो. रिॲक्टरच्या जॅकेटला, म्हणजे बाहेरच्या पोकळ आवरणाला, वाफ, कूलिंग टॉवरचे पाणी आणि थंड ब्राइन (खारे पाणी) अशा तिन्ही ओळी जोडलेल्या असतात. हवा गेल्यावर वाफेचा व्हॉल्व्ह मिटलाच पाहिजे. उष्णता बाहेर टाकणारी रासायनिक क्रिया चालू असेल, तर थंड पाण्याचा उघडलाच पाहिजे. रिॲक्टरच्या तळाचा व्हॉल्व्ह मिटणारा हवा, नाहीतर सगळी बॅच जमिनीवर येईल. ब्राइनचे उत्तर एवढे सरळ नाही. ते उघडे राहिले आणि शेजारचा वाफेचा परतीचा व्हॉल्व्ह नीट मिटला नाही, तर ब्राइन कंडेन्सेटच्या ओळीतून थेट बॉयलरपर्यंत पोचते. म्हणून काही ठिकाणी ब्राइनचा व्हॉल्व्ह मिटणारा ठेवून थंडाव्याची जबाबदारी पाण्यावर सोडतात. स्प्रिंगवाला ॲक्च्युएटर त्याच टॉर्कसाठी बराच मोठा घ्यावा लागतो, आणि अर्थातच महाग. पैसे वाचवण्यासाठी तो गाळण्याचा मोह नेहमी होतो, आणि नको त्या व्हॉल्व्हवरच होतो.

आकार ठरवताना व्हॉल्व्ह बनवणाऱ्याने दिलेला टॉर्क हा नव्या, स्वच्छ व्हॉल्व्हचा असतो. महिनाभर बंद राहिलेल्या बॉल व्हॉल्व्हचे टेफ्लॉन चेंडूला चिकटून बसते, आणि पहिल्यांदा उघडताना लागणारा जोर कागदावरच्या आकड्याच्या पुढे जातो. म्हणून २५ ते ३० टक्के शिल्लक ठेवायची रीत आहे. चिकट किंवा खडे धरणाऱ्या मालासाठी आणखी. हिशेब धरायचा तो मात्र कारखान्यात सर्वांत कमी असेल त्या दाबावर. ५.५ बारवर निवडलेल्या ॲक्च्युएटरला संध्याकाळी सगळे विभाग चालू असताना ४ बारच मिळत असेल, तर त्याचा २७ टक्के टॉर्क गेलेला असतो. स्प्रिंग-रिटर्नमध्ये आणखी एक मेख आहे: स्प्रिंग मोकळी होत जाते तसा तिचा जोर घटतो, आणि व्हॉल्व्ह घट्ट मिटायचा तो तिच्या प्रवासाच्या अखेरीला. नुसता मोठा आकडा पाहून ॲक्च्युएटर घेणेही बरोबर नाही. गरजेपेक्षा फार ताकदवान ॲक्च्युएटर अडकलेल्या व्हॉल्व्हचा दांडा पिळून टाकतो.

बसवण्याचे काम आता बरेच सोपे झाले आहे. व्हॉल्व्हच्या माथ्याची चकती आणि ॲक्च्युएटरचा तळ आयएसओ ५२११ या मानकाप्रमाणे जुळतात. एफ०५ म्हणजे बोल्टांचे वर्तुळ ५० मिलिमीटर, एफ०७ म्हणजे ७०. सोलेनॉइडसाठी बाजूला नामूर पद्धतीचा सपाट भाग असतो, त्यावर तो थेट बसतो. माप जुळत नसेल तर मध्ये ब्रॅकेट आणि कपलिंग येते, आणि बसवणीतल्या बहुतेक चुका तिथेच होतात. ब्रॅकेट एखाद-दोन मिलिमीटर तिरका असला, तर प्रत्येक फेऱ्याला व्हॉल्व्हच्या दांड्यावर आडवा ताण येतो आणि वर्षभरात ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचे सील, गळायला लागते. मग फिटर ग्लँड आवळतो, व्हॉल्व्ह जड होतो, ॲक्च्युएटर कमी पडतो आणि बदनामही तोच होतो.

बसवण्याआधी व्हॉल्व्ह हाताने फिरवून बघायचा, त्याची मिटलेली स्थिती दांड्यावरच्या खाचेवरून ओळखायची आणि ॲक्च्युएटर त्याच स्थितीत आणूनच जोडायचा. स्प्रिंगवाल्याची स्थिती हवेविना ठरलेलीच असते, त्यामुळे तिथे व्हॉल्व्ह त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो. बोल्ट आधी सैल ठेवून हवेवर दोन-चार वेळा फिरवले, की दोघे आपोआप एका रेषेत येतात. मग घट्ट करायचे. टोकाचे स्टॉप-बोल्ट लावून चेंडू अचूक नव्वद अंशांवर थांबवायचा, कारण दोन-तीन अंश कमी फिरला तरी व्हॉल्व्ह झिरपतो. मिटण्याचा वेगही इथेच ठरवावा. पाण्याच्या लांब ओळीवरचा व्हॉल्व्ह क्षणात मिटला तर पाण्याचा तडाखा पाइप हादरवतो, म्हणून हवा बाहेर पडण्याच्या वाटेवर स्पीड कंट्रोलर लावतात. नळी जोडण्यापूर्वी तिच्यातून हवा सोडून कचरा उडवायचा. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिले दोन आटे मोकळे ठेवायचे. टेपचा एक धागा सोलेनॉइडच्या आत गेला, तर तो तिथे कायमचा अडकू शकतो. वाफेच्या ओळीवर ब्रॅकेट उंच घ्यावा, नाहीतर दांड्यावरून चढणाऱ्या उष्णतेने साध्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंग कडक होतात. ८० अंशांपर्यंत त्या टिकतात. त्यापुढे व्हायटॉन लागते.

यानंतर ॲक्च्युएटर वर्षानुवर्षे चालेल की नाही, हे तो कोणी बनवला यापेक्षा कॉम्प्रेसर रूमवर जास्त अवलंबून असते. पावसाळ्यातली ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा धरू. तिच्या दर घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. तासाला ५०० घनमीटर हवा ओढणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये म्हणजे तासाला १२ किलो पाणी शिरते. हवा ७ बारपर्यंत दाबून ४० अंशांवर थंड केली, की त्यातले साडेआठ लिटरच्या आसपास आफ्टरकूलर आणि टाकीतच उतरते. उरलेले वाफेच्या रूपात पुढे जाते, आणि रात्री पाइप २२ अंशांवर आले की तासाला दोनेक लिटर आणखी पाणी पाइपांच्या आत साचते. हैदराबादेत ते गोठत नाही, एवढाच दिलासा. पण ते सिलिंडरमधले ग्रीस धुऊन नेते, जुन्या लोखंडी पाइपांचा गंज सोबत घेऊन सोलेनॉइडमध्ये जाते आणि पोझिशनरची बारीक छिद्रे बुजवते.

म्हणून इन्स्ट्रुमेंट एअरसाठी, म्हणजे ॲक्च्युएटर-पोझिशनरना जाणाऱ्या हवेसाठी, वेगळा ड्रायर असतो. थंड करून सुकवणारा ड्रायर दवबिंदू ३ अंशांपर्यंत आणतो, शोषक दाण्यांचा उणे ४० पर्यंत. त्या भागात नोंदलेल्या किमान तापमानापेक्षा दवबिंदू निदान १० अंश खाली असावा, हा सर्वमान्य नियम आहे. मुख्य पाइपवरून फाटा नेहमी वरच्या बाजूने काढायचा, तळाशी ड्रेन ठेवायचा आणि तो रोज उघडायचा. स्वयंचलित ड्रेन असला तरी तो अडकत नाही ना, हे बघावेच लागते. प्रत्येक ॲक्च्युएटरजवळचा फिल्टर-रेग्युलेटर ही शेवटची चाळणी आहे; त्याच्या पारदर्शक भांड्यात पाणी दिसले, तर चूक त्या भांड्याची नसून कुठेतरी मागे असते. गळतीचाही हिशेब इथलाच: ३ मिलिमीटरचे एक भोक कॉम्प्रेसरवर सुमारे ३ किलोवॅटचा भार टाकते. वीज गेल्यावर टाकीतल्या हवेवर किती वेळ निभेल, हेही गळतीवरच ठरते. ५ घनमीटरची टाकी ७ बारवरून ४ बारपर्यंत उतरताना १५ घनमीटर मोकळी हवा देते. मध्यम ॲक्च्युएटरला एका फेऱ्याला १८-२० लिटर लागते, म्हणजे शेकडो फेरे निघायला हवेत. प्रत्यक्षात बरीचशी हवा फिटिंगांतूनच निघून जाते.

देखभालीत रोज करायचे फार थोडे असते. साबणाचे पाणी लावून सांधे तपासायचे, हालचालीचा वेळ मोजून बसवतानाच्या वेळेशी ताडायचा, सोलेनॉइडच्या निकासाशी कान द्यायचा. व्हॉल्व्ह थांबलेला असताना तिथून सतत हवा येत असेल, तर पिस्टनची ओ-रिंग फाटली आहे किंवा सोलेनॉइडच आतून गळतो आहे. धक्के देत चालणे हे कोरड्या ग्रीसचे किंवा व्हॉल्व्ह जड झाल्याचे लक्षण. ॲक्च्युएटर काढून व्हॉल्व्ह पान्याने फिरवला की दोघांतला दोषी कळतो. निकासाच्या उघड्या भोकात कुंभारीण माशी मातीचे घर करते, हा आपल्याकडचा जुना उपद्रव. भोक बुजले की सिलिंडरातली हवा बाहेर पडत नाही, स्प्रिंग असूनही व्हॉल्व्ह मिटत नाही, आणि हे संकटाच्या क्षणीच उघडकीला येते. दोन-पाच रुपयांचे जाळीचे बूच त्यावर पुरते. सुरक्षेसाठी ठेवलेले आणि एरवी न हलणारे व्हॉल्व्ह म्हणूनच अधूनमधून थोडेसे हलवून पाहतात. उत्पादन न थांबवता दहा-वीस टक्के फिरवून परत आणण्याची ही चाचणी रुळली आहे.

ॲक्च्युएटर उघडण्यापूर्वी ओळ रिकामी, हवा बंद आणि नळी सोडलेली असली पाहिजे. बटरफ्लाय व्हॉल्व्हवरचा ॲक्च्युएटर दाबाखालच्या ओळीवर काढला, तर चकती स्वतःहून फिरते; आणि बॉल व्हॉल्व्हच्या पोकळीत अडकलेले द्रावक मिटलेल्या अवस्थेतही आत असते. सर्वांत मोठा धोका स्प्रिंगचा. नव्या रॅक-पिनियन ॲक्च्युएटरमध्ये स्प्रिंग आधीच दाबून बांधलेल्या कार्ट्रिजमध्ये येतात आणि झाकणाचे लांब बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे सैल केले की उरलेला ताण उतरतो. जुन्या रचनेत तसे नाही. तिथे एका बाजूचे बोल्ट आधी काढले, तर झाकण गोळीसारखे सुटते. स्कॉच योकची स्प्रिंग तर डब्यासकटच बदलायची, डबा उघडायचा नाही.

दुरुस्तीला लागतो तो बहुधा ओ-रिंग आणि गाइड पट्ट्यांचा एक संच. सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत असेल, तर संच बदलून आणि योग्य ग्रीस लावून ॲक्च्युएटर पुन्हा नव्यासारखा चालतो. भिंतीवर ओरखडे आले असतील, तर नव्या ओ-रिंग महिन्यातच जातात. मग तो बदललेलाच बरा. आम्लाची वाफ आणि कॉस्टिकची धुलाई रोज झेलणाऱ्या भागात ॲल्युमिनियम बाहेरून पांढरे पडून झडू लागते. तिथे इपॉक्सीचा थर दिलेला किंवा सरळ स्टेनलेस स्टीलचा घेतात. ब्रॅकेट, कपलिंग यांसारखे भाग आखून करून घ्यायचे तर बालानगरच्या छोट्या वर्कशॉपांत ते होतात; सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन १९६८ पासून त्याच वसाहतीत आहे. दुरुस्त करून ठेवलेल्या सुट्ट्या ॲक्च्युएटरची तोंडे बुचांनी बंद करून तो सावलीत ठेवावा, दर काही महिन्यांनी हवेवर फिरवावा, आणि त्याच्या चिठ्ठीवर ओ-रिंग बदलल्याची तारीख व चाचणीचा दाब लिहावा.